किती पायऱ्या?

स्कॉटलंडमधल्या व्हेलिगोच्या समुद्रकड्यावर मी ३३४ मोजल्या होत्या. उतरताना आकडा ३३१ आला, म्हणून चढताना पुन्हा मोजल्या, प्रत्येक पायरीला ओठ हलवत, दम सांभाळत. लेकीने आणलेल्या माहितीच्या कागदावर ३६५ छापलं होतं, वर्षाच्या दिवसांइतक्या. वर पोहोचले तेव्हा गुडघे थरथरत होते, कानांत वारा भरला होता, पण डोक्यात एकच: हा ३६५ चूक आहे. कड्याच्या माथ्यावर दगडी गडग्याला टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. डोक्याला लोकरीची टोपी, पायाशी कुत्रा. त्यांनी विचारलं, "किती भरल्या?" मी आकडा सांगितला, आणि कागदावरचा आकडा बरोबर नाही हेही ठासून सांगितलं. ते खाली समुद्राकडे बघत म्हणाले, "माझी आजी या पायऱ्या चढायची. पाठीवर हेरिंग माशांची टोपली घेऊन. तिनं कधी मोजल्या असतील असं मला नाही वाटत." मग जरा थांबून, "वळणाखालची ती एक फरशी कायम ओली असते. तिथे सांभाळून पाय टाकलात ना?" एवढं बोलून कुत्र्याला घेऊन ते चालायलाही लागले.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी केव्हाच विसरून गेले असते.

लेक इनव्हर्नेसला नोकरीला आहे. तिच्याकडे तीन महिने राहायला गेले होते, तेव्हा एका शनिवारी ती म्हणाली, "चल आई, तुला केथनेस दाखवते." केथनेस म्हणजे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीचं अगदी ईशान्येचं टोक. ऑर्डचा डोंगर समुद्रात उतरतो तिथे सदरलंड संपतं आणि केथनेस सुरू होतं. बेरिडेलची अवघड वळणं पार केली की पुढे डोंगर मागे मागे सरत जातात आणि मुलूख एकदम मोकळा होतो. हायलंड्स म्हणजे डोंगर आणि दऱ्या असं मनात धरून गेलेल्या माणसाला आधी चुकल्याचुकल्यासारखं होतं. झाड म्हणून नाही. आभाळ मात्र इतकं की मान वर न करताही दिसत राहतं. सगळ्यात नवल वाटलं ते कुंपणांचं. शेतांच्या कडेने पातळ दगडी फरश्या उभ्या रोवलेल्या, एकीला एक लागून, बालवाडीतल्या पाट्या ओळीने मांडून ठेवाव्यात तशा. गाडी थांबवून मी एका फरशीवर हात ठेवला. करडी, थंड, आणि कडेला बोट फिरवलं की थरांच्या बारीक रेघा लागतात. ३८ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे एक अफाट सरोवर होतं, त्याच्या तळाशी बसलेल्या गाळाचे हे थर. त्यांत मासे सापडतात, खवल्यांसकट दगड झालेले. थर्सो गावात रॉबर्ट डिक नावाचा एक बेकर होता. भट्टीचं काम आटोपलं की मैलोनमैल पायी हिंडायचा, फरश्या फोडून असे मासे जमवायचा, आणि मोठमोठे भूगर्भशास्त्रज्ञ त्याच्या दुकानाचा पत्ता शोधत यायचे. १८६६ साली तो गेला तेव्हा गाठीशी काही नव्हतं. त्याच शतकात या फरश्या जहाजं भरभरून बाहेर जात होत्या, लंडनच्या फुटपाथांवर लोक त्यांच्यावरून चालत होते. पुढे सिमेंट आलं आणि खाणी ओस पडल्या.

इथल्या गावांची नावं कानाला स्कॉटिश वाटतात, पण ती बरीचशी नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांची. विक म्हणजे समुद्राचा आत आलेला बाक. लिब्स्टर, थ्रम्स्टर, स्क्रॅब्स्टर यांतलं ते 'स्टर' म्हणजे वस्ती, वाडी म्हणा. आणि गेलिक बोलणारे शेजारी या मुलखाला त्यांच्या भाषेत 'परक्यांचा मुलूख' म्हणतात. हजार वर्षांपूर्वी आलेली माणसं, पण नाव तेच राहिलंय. मला ते ऐकून उगीचच वाईट वाटलं.

व्हेलिगोमधलं 'गो'सुद्धा नॉर्सच. समुद्राने कड्यात कोरलेली अरुंद घळ. तीन बाजूंना अडीचशे फुटांचा उभा कडा, चौथ्या बाजूला पाणी. टेलफर्डसारख्या बंदरं बांधणाऱ्या इंजिनिअरने ही जागा पाहून 'भयंकर' असा शेरा मारला होता. तरी अठराव्या शतकाच्या अखेरीला डेव्हिड ब्रोडी नावाच्या कप्तानाने इथे पायऱ्या बसवून घेतल्या, त्याच करड्या फरश्यांच्या, वळणं घेत घेत उतरणाऱ्या. खाली 'बिंक' म्हणतात तो सपाट ओटा आहे. होड्या लाटेच्या माऱ्यातून वाचवायला वर ओढून तिथे ठेवत. शेजारी मिठाच्या कोठाराच्या पडक्या भिंती. मी गेले तेव्हा कड्याच्या फटींतून गुलाबी रानफुलं डुलत होती, फुलमार पक्षी अंड्यांवर बसून माणसांकडे रागाने बघत होते आणि त्यांच्या शिटेचा उग्र वास नाकात घुसत होता. पायऱ्या ओल्या होत्या, कारण कड्यातून पाणी झिरपत राहतं. अशा जागी बायका खाली उतरायच्या, मासा साफ करायच्या, टोपलीत भरायच्या, पाठीवर घ्यायच्या आणि चढायच्या. वर आल्यावर काम संपलं असं नाही. मग विकची वाट, सात-एक मैल, पायी. या ईशान्य किनाऱ्यावर अशीही रीत होती की नवऱ्याचे पाय होडीत बसण्याआधी भिजू नयेत म्हणून बायको त्याला पाठीवर घेऊन पाण्यात उतरायची. दिवसभर ओल्या बुटांनी समुद्रावर थंडीत बसायचं त्याला, म्हणून. तिचे पाय मात्र भिजायचेच.

आमचं कोकणातलं घर पाखाडीच्या वर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, दोन्ही बाजूंना गडगा, पावसाळ्यात शेवाळाने हिरवीगार. लहानपणी हर्णैहून एक कोळीण यायची. आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो. पाखाडीच्या तळाशी आली की हाळी द्यायची, आणि ती वर येईपर्यंत आई हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभी राहायची. कारण भरलेली पाटी एकटीला उतरवता येत नाही. "हात लाव गो," ती म्हणायची, आणि दोघी मिळून पाटी खाली घ्यायच्या. मग ती डोक्यावरची चुंबळ काढून पिळायची आणि शेजारी ठेवायची. माशांचं पाणी त्या चुंबळीतून तिच्या कपाळावर, मानेवर उतरलेलं असायचं. तिच्या टाळूवर केस जवळजवळ नव्हते. मी एकदा आईला विचारलं होतं, तिचे केस का गेले? आई म्हणाली होती, "पाटीनं खाल्ले." बांगडे असायचे, कधी तारल्या. हेरिंग आणि आपली तारली एकाच कुळातल्या, हे मला इथे आल्यावर कळलं. पाटी पुन्हा डोक्यावर घेतानाही आई हात लावायची. व्हेलिगोच्या तळाशी टोपली पाठीवर घेताना कोण कोणाला हात लावत असेल, हे मला त्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारायचं होतं. मी पायऱ्यांचा आकडा सांगत बसले.

महिनाभराने मी एकटी रेल्वेने विकला गेले. इनव्हर्नेसहून चार तासांच्या वर लागतात. किनारा सोडून गाडी मध्येच आत वळते आणि दलदलीच्या मुलखातून जाते. लालसर तपकिरी गवत, मध्ये मध्ये काळ्या पाण्याची डबकी, क्षितिजापर्यंत दुसरं काही नाही. १९८०च्या दशकात करसवलतीच्या लोभाने इथे चर खणून पाइनसारखी झाडं लावली गेली, आणि जे शेवाळ हजारो वर्षं थरावर थर साचत आलं होतं ते सुकू लागलं. आता तीच झाडं तोडून चर बुजवताहेत. २०२४ साली या दलदलीला जागतिक वारशाचा मान मिळाला. समोर बसलेल्या बाई विणकाम करत होत्या, त्यांनी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

विकमध्ये मला फोटो पाहायचे होते. जॉन्स्टन नावाच्या घराण्याच्या तीन पिढ्यांनी, १८६३ पासून शंभरावर वर्षं, या गावाचे फोटो काढले, काचेवर. त्यांतले हजारो अजून शाबूत आहेत. बंदराच्या फोटोंत पाणी दिसत नाही, इतक्या होड्या. १८६०च्या दशकात हंगामात हजारावर होड्या इथून निघायच्या. ब्रिटिश फिशरीज सोसायटीने टेलफर्डकडून नदीपलीकडे पल्टनीटाउन नावाचं नवं गावच आखून घेतलं होतं, घरं, कोठारं, मासे खारवायची आवारं, सगळं हेरिंगसाठी. धक्क्यावर पिंपांचे ढीग घरांच्या छपरांपर्यंत. आणि पुढे लाकडी हौदांपाशी ओळीने मुली उभ्या. पश्चिमेच्या बेटांवरूनही यायच्या, गेलिक बोलणाऱ्या. तिघींची एक टोळी, दोघी मासा चिरायच्या, तिसरी पिंपात मीठ आणि मासा थरांनी रचायची. मिनिटाला ४० ते ६० मासे, शिवाय चिरता चिरताच आकाराप्रमाणे वेगवेगळ्या टोपल्यांत टाकायचे. हंगामाच्या आधी त्यांना इसार देऊन बांधून घेत, आणि पुढे मजुरी पिंपामागे.

एका फोटोसमोर मी बराच वेळ उभी राहिले. पाच-सहा मुली एकमेकींच्या खांद्यांना खांदे लावून हसताहेत. मेणकापडाचे एप्रन माशांच्या खवल्यांनी चमकताहेत. आणि प्रत्येकीच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दहाही बोटांना, दोऱ्याने घट्ट बांधलेल्या. सुरी निसटली की बोट कापणार, आणि कापलेल्या बोटात दिवसभर मीठ जाणार, म्हणून. त्यांच्या बोलीत त्याला 'क्लूट' म्हणायचे, अर्थ चिंधीच. मीठ गेलेली जखम मला माहीत आहे. करवंदाच्या काट्याने ओरखडलेल्या हातांनी आईच्या जोडीला कैऱ्यांच्या फोडींना मीठ चोळलेलं आहे. पण ते एका दुपारचं. या मुली हंगामभर उभ्या, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, हेरिंगच्या मागे मागे किनाऱ्याने खाली इंग्लंडपर्यंत. काम नसलं की त्या चिंध्या बांधलेल्या हातांनीच विणायच्या. फोटोखाली त्यांची नावं नव्हती. क्रॅनचं माप नोंदवलेलं असतं, साडेसदतीस गॅलनांचं, साधारण हजार-बाराशे मासे. पिंपं किती जर्मनीला, किती रशियाला, तेही असतं. मग पहिलं महायुद्ध आलं, रशियात क्रांती झाली, ती गिऱ्हाइकं तुटली, आणि विकचा धक्का हळूहळू रिकामा होत गेला.

त्या दिवशी बंदरावर वारा असा होता की बोलताना शब्द तोंडातच राहत होते. १९ ऑगस्ट १८४८ला, शनिवारी पहाटे, असाच वारा उलटला तेव्हा इथल्या होड्या समुद्रात होत्या. उघड्या होड्या, डेक नसलेल्या. परत धावत आल्या तर ओहोटी लागलेली, बंदराच्या तोंडाशी पुरेसं पाणीच नाही. धक्क्यावर बायकामुलं उभी, समोर होड्या आपटून फुटताहेत. एकट्या विकची ३७ माणसं गेली. नंतर कॅप्टन वॉशिंग्टन नावाच्या नौदल अधिकाऱ्याने चौकशी करून अहवाल दिला, बंदरं खोल करा, होड्यांना डेक घाला. पुढे १८६३ साली थॉमस स्टीव्हन्सन यांनी, ज्या घराण्याने स्कॉटलंडची दीपगृहं उभारली त्या घराण्यातल्या इंजिनिअरने, इथे लाटा अडवायला भिंत बांधायला घेतली. लाटेचा जोर मोजायचं यंत्र त्यांनी स्वतः तयार केलेलं होतं. १८७२च्या डिसेंबरातल्या वादळाने त्या भिंतीच्या टोकाचा १३५० टनांचा सांधलेला ठोकळा उचलून बाजूला टाकला. त्यांनी त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, २६०० टनांचा ठोकळा बसवला. १८७७ साली तोही गेला. मग काम सोडून दिलं. ओहोटीला त्याचे अवशेष अजून दिसतात. हेच काम चालू असताना स्टीव्हन्सन यांचा १७ वर्षांचा मुलगा, जो पुढे लेखक म्हणून जगाला माहीत झाला, पाणबुड्याचा जड पोशाख घालून इथे समुद्रतळाशी उतरला होता. त्या पोराला खाली काय दिसलं असेल, हिरवा अंधार आणि वडिलांनी रचलेले दगड.

मोजण्यावरून मला पहिल्या फेरीत पाहिलेलं बॅडबे नावाचं ओसाड गाव आठवत राहिलं. त्याची गोष्ट एका मोजणाऱ्यापासूनच सुरू होते. जॉन सिंक्लेअर, थर्सोच्या गढीत १७५४ला जन्मलेले जहागीरदार. इंग्रजीत 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द रूढ केला तो यांनी. स्कॉटलंडच्या ९३८ पॅरिशांतल्या, म्हणजे चर्चच्या विभागांतल्या, पाद्र्यांना १६०च्या वर प्रश्न पाठवले, माणसं किती, गुरं किती, पीक काय, आजार कोणते, आणि १७९१ ते १७९९ या काळात त्या उत्तरांचे २१ खंड छापले. या शब्दाचा अर्थ त्यांनी सांगितला तो वाचून मी चाट पडले: एखाद्या देशातले लोक किती सुखात आहेत आणि ते सुख वाढवायचं कसं, याचा शोध. इतकं सुंदर कोणी म्हटलेलं मला माहीत नव्हतं. आणि याच माणसाच्या लँगवेल जहागिरीवर त्याच दशकात शेव्हियट मेंढ्या आल्या, आणि ऑर्डच्या आसपासच्या दऱ्यांतली कुळं मेंढ्यांना जागा करून देण्यासाठी उठली. पुढच्या मालकाच्या काळातही उठत राहिली. त्यांतली काही कुटुंबं कड्याच्या अगदी काठावर बॅडबेला येऊन राहिली. मिळाली ती जमीन म्हणजे दगड आणि उतार. घरं स्वतःच्या हातांनी बांधली. वारा असा की गुरं, कोंबड्या आणि लेकरंसुद्धा दोरीने खुंटाला बांधून ठेवायची, नाहीतर कड्यावरून समुद्रात जातील. शेवटचा रहिवासी १९११ साली गाव सोडून गेला. न्यूझीलंडला गेलेल्या एका कुटुंबातल्या मुलाने त्याच वर्षी येऊन तिथे दगडी स्मारक उभारलं, त्यावर इथे राहिलेल्यांची नावं आहेत.

सिंक्लेअर दुष्ट होते असं मला वाटत नाही. त्यांना खरोखरच या मुलखाचं भलं करायचं होतं, त्यांनी शेती सुधारली, थर्सो नव्याने आखलं. म्हणूनच बॅडबेच्या पडक्या जोत्यांवर उभं राहिल्यावर मला राग कोणाचा करायचा हे कळेना. गवतातून घरांचे चौकोन अजून ओळखू येतात. चूल कुठे असेल, दार कुठल्या बाजूला, हे लगेच दिसतं. दार समुद्राकडे नव्हतं. लेक म्हणाली, "आई, किती घरं होती ग?" आणि मी मोजायला लागले. आता आठवलं की जिवाला लागतं. तिथून अर्ध्या तासावर व्हेलिगो, तिथेही मी तेच केलं. त्या बाईच्या नातवासमोर.

परत आल्यावर आठवडाभर माझ्या डोक्यात आमच्या पाखाडीच्या पायऱ्या यायला लागल्या. किती आहेत त्या? अठरा वर्षांची होईपर्यंत दिवसातून चार-चारदा चढले-उतरले. दप्तर घेऊन, कळशी घेऊन, आजी गेली तेव्हा तिच्या मागून अनवाणी. आकडा येईना. डोळे मिटून उतरून पाहिलं. फणसाशी वळण, मग गडग्याला तडा गेलेली जागा, मग ती रुंद पायरी जिथे मावशी पाटी घेऊन क्षणभर टेकायची, पण मोजणी मध्येच कुठेतरी तुटायची. शेवटी रविवारी दादाला फोन केला. तिकडे पाऊस लागला होता, फोनमधून पन्हळीचा आवाज येत होता. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "दादा, आपल्या पाखाडीच्या पायऱ्या किती रे?"

तो जरा वेळ गप्प होता.

"मोजल्यात कुणी? का गं?" मग म्हणाला, "गणपतीला येशील तेव्हा मात्र जपून हो. खालून चौथा चिरा हलतोय, त्यावर पाय देऊ नको. डाव्या अंगाने चढ."